अडीच घरांचा वाद

बोर्डगेम कॅफेत पैसे घेऊन लोकांना डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे पात्रं बनून गोष्टीत शिरायचा खेळ, खेळवतो, असं सांगितलं की नातेवाईक एकमेकांकडे बघतात. रोजचं काम तसं बरं असतं. खेळणारे अडकले की एखादा बडबड्या सराईवाला आणायचा आणि त्याच्या तोंडून सुगावा द्यायचा. स्पर्धेत ती सोय नाही. दोन टेबलांवर दोन गट एकच गोष्ट खेळतात: तेच वर्णन, तेवढाच वेळ, मदत शून्य.

त्या रविवारी स्पर्धेला आम्ही ‘घोस्ट टॉवर ऑफ इन्व्हरनेस’ हे तयार साहस लावलं होतं. ॲलन हॅमॅकने हे १९७९ च्या विंटरकॉन या खेळांच्या मेळाव्यातल्या स्पर्धेसाठी लिहिलं, १९८० मध्ये या खेळाची तेव्हाची प्रकाशक कंपनी टीएसआरने छापलं. पाच तयार पात्रं, त्यातले बहुतेक शिक्षा झालेले कैदी. मनोऱ्यातलं आत्मरत्न आणलं तर माफी. आधी तळघरात किल्लीचे तुकडे जमवायचे. तिथेच एका खोलीत जमिनीवर बुद्धिबळाचा पट आहे. प्रत्येकानं आपापल्या मोहऱ्याच्या चालीनं पलीकडे जायचं, चाल चुकली की झटका.

माझ्या टेबलावर बुद्धिबळ खेळणारा एक कॉलेजचा मुलगा होता. भोवतालच्यांना पट कळेपर्यंत यानं सगळ्यांच्या चाली वहीत मांडल्या. घोड्यापाशी मात्र थबकला.

“दादा, पटावरचा घोडा उडी मारतो. हा माणूस आहे. अडीच घरं चालताना मधल्या घरांना पाय लागणार. झटका बसणार का?”

प्रश्न रास्त होता, पण उत्तर मी एकट्यानं देणं धोक्याचं. घड्याळ थांबवलं, दुसऱ्या टेबलावर जाऊन तिथल्या डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, कानात विचारलं. तो म्हणाला, “थांबेल तेच घर धरलंय मी.” मग माझ्याकडेही तोच निर्णय. नाहीतर दोन टेबलांचे गुण कसे ताडणार?

माझी मंडळी पट ओलांडून गेली, अंगावर ओरखडाही नाही. पण पुढे प्रत्येक दाराशी तीच चर्चा, तीच वही. मनोऱ्यात जेमतेम शिरले आणि वेळ संपली. पलीकडच्यांनी पटावरच एक माणूस गमावला होता, तरी ते बरेच पुढे पोचले. जिंकलेही तेच.

मुलगा गुणपत्रक घेऊन आला. “माणूस मेला तरी जास्त गुण?”

मी रकाने दाखवले: मेलेल्याचे वजा होतात, पण सोडवलेल्या खोल्यांचे त्याहून जास्त मिळतात.

“म्हणजे कैदी मेला तरी चालतो,” तो म्हणाला. “हे आधी वाचून दाखवायला हवं होतं.”

गुणांचे रकाने खेळणाऱ्यांना आधी दाखवायचे नाहीत, असं आम्हीच ठरवलं होतं. पुढच्या फेरीला दाखवावेत का, यावरून आम्हा दोघा डीएमचं अजून जमलेलं नाही.