बुजवलेली मोरी

"आई, इथं तर नुसती घरं आणि गाड्या आहेत गं," लेक म्हणाली, आणि ते खरंच होतं. एडिंबरोहून सव्वा-दीड तासाचा रेल्वेप्रवास करून आम्ही दोघी पर्थला आलो होतो. फेब्रुवारीची अखेर, टे नदीवरून येणारा वारा कानशिलं बधिर करत होता. नॉर्थ इंच नावाच्या मोठ्या हिरव्या मैदानाच्या कडेला, जुन्या गावाच्या वेशीबाहेर, एके काळी काळ्या झग्यातल्या डॉमिनिकन साधूंचा मठ होता. आता ब्लॅकफ्रायर्स हे रस्त्याचं नाव तेवढं उरलंय. याच जागी कुठंतरी, १४३७ च्या २० फेब्रुवारीच्या रात्री, मठात मुक्कामी असलेला स्कॉटलंडचा राजा पहिला जेम्स मारला गेला. त्याच्याच सरदारांनी मारला. आणि कटाच्या मुळाशी होता त्याचा काका.

माझं बालपण शनिवारवाड्याजवळ गेलं. राजा, रात्र, काका आणि फितूर झालेली माणसं हे सगळं एका गोष्टीत आलं की माझ्या पोटात आजही खड्डा पडतो. एडिंबरोत लेकीकडं आल्यावर सगळे मला किल्ला दाखवत होते. मला मात्र पर्थच बघायचं होतं.

जेम्सच्या नशिबी काका दोन. थोरला, ऑल्बनीचा ड्यूक. १४०६ मध्ये अकरा वर्षांच्या जेम्सला सुरक्षिततेसाठी गुपचूप फ्रान्सला धाडलं होतं. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ चाच्यांनी जहाज पकडलं आणि पोराला इंग्लंडच्या राजाच्या हवाली केलं. काही दिवसांतच वडील, तिसरा रॉबर्ट, वारले. म्हणजे हा मुलगा राजा झाला तो कैदेतच. ऑल्बनीनं कारभार हातात घेतला आणि पुतण्याला सोडवायची घाई केली नाही. स्वतःच्या मुलाला, मर्डॉकला, मात्र १४१६ मध्येच सोडवून आणलं. जेम्स अठरा वर्षं अडकून पडला. १४२४ मध्ये सुटला तो जोन ब्यूफोर्ट या इंग्लिश सरदारकन्येशी लग्न करून आणि चाळीस हजार पौंडांची खंडणी कबूल करून.

त्या खंडणीपोटी स्कॉटिश सरदारांची मुलं इंग्लंडकडं ओलीस ठेवली गेली. सगळी हत्या मला या एका शब्दात दिसते, ओलीस. राजानं कर तर गोळा केले, पण हप्ते थकत गेले. पैसा तोफांवर आणि लिनलिथगोच्या राजवाड्यावर गेला, आणि ओलीस ठेवलेली पोरं तिकडंच राहिली. धाकटा, सावत्र काका वॉल्टर स्ट्युअर्ट, अॅथोलचा अर्ल. त्याचा थोरला मुलगा डेव्हिड त्या ओलिसांत होता आणि तो तिकडंच कैदेत मेला. डेव्हिडचा मुलगा रॉबर्ट इकडं राजाच्या खास सेवेत वाढला. मठाचे दरवाजे आतून उघडून दिले ते या रॉबर्टनं. ही एवढी ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक खाली ठेवून बराच वेळ बसून होते. त्या मुलाला फितूर म्हणायचं, आणि म्हणायलाच हवं. पण ज्याला सोडवण्यासाठी आपला बाप गेला, त्याच्या अंथरुणापांघरुणाची काळजी घेताना त्याच्या मनात काय चालत असेल?

प्रत्यक्ष वार करणाऱ्यांचा म्होरक्या सर रॉबर्ट ग्रॅहम. त्याच्या पुतण्याकडून राजानं स्ट्रॅथर्नची जहागीर काढून घेतली होती आणि त्यालाही ओलीस म्हणून इंग्लंडला पाठवलं होतं. शिवाय १४२५ मध्ये राजाच्या हुकमानं स्टर्लिंगला मर्डॉकची, त्याच्या दोन मुलांची आणि त्याच्या म्हाताऱ्या सासऱ्याची मुंडकी उडाली होती, ती धास्ती सगळ्याच सरदारांच्या मनात होती. १४३६ च्या उन्हाळ्यात इंग्रजांच्या ताब्यातल्या रॉक्सबर्ग किल्ल्याच्या वेढ्यातून राजा नामुष्कीनं परतला. त्यानंतरच्या सभेत ग्रॅहमनं भर दरबारात राजाला अटक करायचा प्रयत्न केला. कुणी साथ दिली नाही. मग उरला रात्रीचा मार्ग.

आम्ही मैदानाच्या कडेनं चालत राहिलो. पाच वाजून गेले होते, उजेड कमी होत होता. मी लेकीला ती रात्र सांगायला लागले.

राजा झोपायच्या तयारीत होता. अंगात रात्रीचा झगा, शेकोटीपुढं राणी आणि तिच्या सख्या, गप्पा चाललेल्या. बाहेर खंदकावर आधीच फळ्या टाकलेल्या. दारांची कुलपं बिघडवलेली. एक बाई, जिनं राजाला पूर्वी फोर्थच्या खाडीपाशी पुढं जाऊ नकोस म्हणून बजावलं होतं, त्या संध्याकाळीही दारात येऊन गेल्याचं जुनी हकिगत सांगते. तिला उद्या ये म्हणून परत पाठवलं. मग अचानक बाहेर चिलखतांचा खणखणाट आणि मशालींचा उजेड. दाराला लावायला अडसर नाही. खिडक्यांना गज. राजानं शेकोटीचा चिमटा घेऊन जमिनीची फळी उचकटली आणि खालच्या शौचकूपाच्या मोरीत उतरला. त्या मोरीचं तोंड बाहेर अंगणात उघडत असे. पण राजा तिथं टेनिस खेळायचा, चेंडू घरंगळत त्या तोंडात जायचे, म्हणून तीनच दिवसांपूर्वी त्यानंच ते बुजवून घेतलं होतं.

लेक थबकली. "तीन दिवस?"

"तीन दिवस."

मारेकरी शोधून शोधून दमले आणि दुसरीकडं वळले. तेव्हा बायका चादरी सोडून त्याला वर ओढायला लागल्या. त्या धडपडीत एलिझाबेथ डग्लस नावाची सखी खाली पडली, आवाज झाला आणि माणसं परतली. मारेकऱ्यांतले दोघे भाऊ सुरे घेऊन खाली उतरले, तर निःशस्त्र राजानं दोघांनाही मानगूट धरून पाडलं. मग ग्रॅहम तलवार घेऊन उतरला. नुसत्या छातीवर सोळा जखमा होत्या म्हणतात. वय बेचाळीस.

स्कॉटलंडमध्ये या रात्रीची सर्वांत लाडकी गोष्ट कॅथरीन डग्लसची आहे. अडसराच्या जागी तिनं स्वतःचा हात घातला आणि तो मोडला, म्हणून ती 'केट बारलास', अडसरवाली पोर. गोष्ट अंगावर काटा आणते. पण जवळच्या काळातल्या हकिगतीत ती नाही, पुढच्या शतकात तिचं नाव येतं. मला खंत वाटते ती राणी जोनची. त्या रात्री मारेकऱ्यांनी तिच्यावरही वार केला. ती जखमी अवस्थेत निसटली. कटवाल्यांना राजा मारून भागणार नव्हतं; सहा वर्षांचा राजपुत्र आणि त्याची आई ताब्यात यायला हवी होती. जोन एडिंबरोला मुलापर्यंत पोहोचली आणि कट तिथंच फसला. २५ मार्चला मुलाचा राज्याभिषेक झाला, तोही राजांचे अभिषेक व्हायचे त्या पर्थजवळच्या स्कोनला नव्हे, एडिंबरोच्या होलीरूडला. तोवर बहुतेक मारेकरी सापडलेही होते. ग्रॅहमला स्टर्लिंगला हाल करून मारलं. अॅथोलची एडिंबरोत तीन दिवस विटंबना केली, डोक्यावर तापलेला लोखंडी मुकुट ठेवला असं सांगतात, मग मुंडकं उडवलं. नातू रॉबर्टही सुटला नाही. हे क्रौर्य माझ्यानं वाचवत नाही. पण रक्ताळलेल्या कपड्यांनी घोडं गाठणारी ती बाई मला या सगळ्या सरदारांपेक्षा मोठी वाटते, आणि तिच्यावर कुणी पोवाडा रचला नाही याचं वाईट वाटतं.

दुपारी आम्ही गावातलं नवं संग्रहालय बघितलं होतं. स्टोन ऑफ डेस्टिनी, ज्याच्यावर स्कॉटिश राजांचा अभिषेक व्हायचा तो दगड, २०२४ पासून तिथं आहे. जेम्सच्या अभिषेकाला तो नव्हता. १२९६ मध्येच इंग्रजांनी लंडनला नेला होता.

अंधार पडायच्या आत आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. १४२९ मध्ये जेम्सनं इथं कार्थुशियन साधूंसाठी मठ स्थापला होता, स्कॉटलंडमधला त्या पंथाचा एकुलता एक. त्यालाही तिथंच पुरलं. त्याचं काळीज यात्रेला नेलं होतं, ते ऱ्होड्स बेटाहून १४४३ मध्ये परत आणून याच मठात दिलं. १५५९ च्या मे महिन्यात सेंट जॉन्स चर्चमधल्या जॉन नॉक्स या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाच्या प्रवचनानंतर जमाव उसळला आणि हा मठ, तो काळ्या झग्यांचा मठ, सगळं जमीनदोस्त झालं. कबर कुठं गेली कळत नाही. आता अठराव्या शतकातली एक जुनी धर्मादाय इमारत, जवळ पोमॅरियम स्ट्रीट आणि तिथल्या सदनिका. पोमॅरियम म्हणजे फळबाग, साधूंची.

"आणि जोन?" लेकीनं विचारलं.

जोननं पुन्हा लग्न केलं. १४३९ मध्ये सरदारांनी तिला स्टर्लिंगला कोंडलं, मुलाची देखरेख सोडायला लावली. १४४५ मध्ये डनबारच्या किल्ल्याला वेढा पडलेला असताना ती आत वारली. तिथून तिला इथं आणलं, जेम्सजवळ.

वरच्या मजल्यावर कुणीतरी दिवा लावला. आम्ही दोघी त्या खिडकीखालच्या गवताकडं बघत थोडा वेळ उभ्या राहिलो, मग लेकीनं माझा हातमोजा नीट केला आणि आम्ही स्टेशनकडं निघालो.