सहाशेच्या खांबापासून

ऑगस्टमधला रविवार. पहाटे ५.४०ची इंद्रायणी गाठायची म्हणून चारला उठलो, तर बायको झोपेतच म्हणाली, "घोड्यांसाठी?" मी निमूटपणे छत्री शोधली.

डेक्कन क्वीन १९३०मध्ये सुरू झाली तेव्हा फक्त शनिवार-रविवारी धावायची आणि मुंबईचे रेसचे शौकीन तिचे हक्काचे प्रवासी असत. आता ती सकाळी पुण्याहून सुटते, त्यामुळे रेससाठी पुण्याला निघालेल्या मुंबईकराला तिचा काडीचा उपयोग नाही. हिवाळ्यात महालक्ष्मी घराजवळ असते. पावसाळ्यात मात्र रेस बघायची तर पुणं गाठावं लागतं.

कर्जतला वडापाव घेतला. मागून ढकलायला इंजिनं लागली आणि गाडी घाट चढू लागली. मुंबई-पुणे १९२ किलोमीटर, साधारण साडेतीन तास. सरासरी ताशी पंचावन्नच्या आसपास. पण कर्जत ते लोणावळा या अठ्ठावीस किलोमीटरांत सदतिसाला एक असा चढ आहे. तिथे गाडी कशी कण्हत चालते, ते या पंचावन्नच्या आकड्यात कुठे दिसतं? मामाचा घोड्यांबाबतचा सगळा सिद्धान्त एवढाच आहे. रेसची एकूण वेळ त्याला कुणी सांगितली की तो विचारतो, "बरं, आणि घाटात किती लागले?"

खंडाळ्याला धो धो पाऊस. मी मनातल्या मनात मैदानाचा चिखल करून टाकला. पुण्यात उतरलो तर रस्ते जेमतेम ओले.

मामा वानवडीला राहतो, रेसकोर्सपासून चालत जाण्याच्या अंतरावर. गेली तीस वर्षं तो वहीत वेळा लिहितोय आणि पैसे लावतो ते इतके किरकोळ की बुकीसुद्धा त्याच्याकडे दयेने बघतो. पोहे खाताना त्याने सकाळच्या सरावाच्या वेळा वाचून दाखवल्या: ८०० मीटर ५४ सेकंद, त्यातले शेवटचे ६०० चाळीसमध्ये. "हे वाळूवरचं. गवतावर याचा अर्थ वेगळा, आणि ओल्या गवतावर त्याहून वेगळा." मग पेनेट्रोमीटरचा आकडा. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून दांडीवर पाडायचं आणि ती जमिनीत किती रुतली ते मोजायचं. असं ठिकठिकाणी करून सरासरी काढायची. आकडा जितका मोठा, तितकी जमीन मऊ. गेल्या रविवारपेक्षा आज तो बराच वर होता. घाटातल्या पावसाचा त्याच्याशी संबंध नव्हता. तीन रात्रींची रिपरिप मुरली होती. "लिहून घे," मामा म्हणाला. मी स्टॉपवॉच पुसत होतो. लिहितो म्हटलं.

स्टँडमध्ये मामाची पायरी ठरलेली. कारण साधं आहे. सहाशेचा खांब, म्हणजे शेवटचे सहाशे मीटर उरल्याची खूण, आपल्याला तिरका दिसतो. घोडा खरंच खांबाशी आला की आपल्याला तसा भासला, यात थोडा फरक पडतोच. पण रोज त्याच पायरीवर बसलं तर चूकही रोज तेवढीच होते आणि तुलना बिघडत नाही. अंगठ्याचा उशीर वेगळा, त्याला इलाज नाही.

तिसरी रेस १४०० मीटरची. गेट उघडलं आणि कुणालाच पुढे जायची घाई नव्हती. पहिले ८०० मीटर ५१.२. रमतगमत. पुढे असलेल्या घोड्याने सहाशेच्या खांबानंतर वेग घेतला आणि शेवटचं अंतर ३७.४मध्ये काढून आरामात जिंकला. स्ट्रेटमध्ये, म्हणजे शेवटच्या सरळ पट्ट्यात, बहुतेक जॉकींनी घोडे बाहेर काढले, कारण आतल्या कुंपणालगतचं गवत आधीच्या रेसनी उकरून ठेवलं होतं. टापांमागून ढेकळं उडत होती. परत येताना एका जॉकीच्या रेशमी सदऱ्याचा मूळ रंग पिवळा होता हे रेसबुक बघून ठरवावं लागलं.

पाचवी रेसही १४००ची, पण खालच्या वर्गाची. दोघांनी सुरुवातीपासून चढाओढ लावली: पहिले ८०० थेट ४८.९मध्ये. शेवटच्या २००मध्ये दोघांचेही पाय जड झाले आणि मागून एक आरामात आलेला घोडा जिंकून गेला. त्याने सहाशेच्या खांबानंतर काही पराक्रम केला नव्हता. पुढचे दोघं फक्त मंदावत आले होते. आघाडीची शेवटची वेळ ३९.५.

मागचे दोन काका म्हणाले, "बघा, खालच्या वर्गाची घोडी जास्त पळाली." एकूण वेळा १ मिनिट २८.६ आणि १ मिनिट २८.४. खरंच, दोन दशांशांनी. मामा गालात हसला आणि तिसऱ्या रेसमधल्या सात नंबरकडे बोट दाखवलं, म्हणजे वहीतल्या. हा चौथा आला होता. सहाशेच्या खांबापाशी तो आघाडीपेक्षा आठ लेंग्थ मागे होता, शेवटी तीन. पाच लेंग्थ भरून काढल्या. एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी, अंदाजे २.४ मीटर, या वेगात साधारण ०.१५ सेकंद; पाच लेंग्थचे ०.७५. म्हणजे सात नंबरचे शेवटचे ६०० मीटर ३६.६५, जिंकलेल्या घोड्यापेक्षा चांगले! वर तो बेंडवर तीन मीटर बाहेरून आला होता. बेंड अर्धवर्तुळ धरलं तर सव्वानऊ मीटरांवर जादा पळाला, जवळजवळ चार लेंग्थ. निकालपत्रात त्याच्यापुढे फक्त '४' असणार.

गंमत म्हणजे दिवसभरात मी दीडशे रुपये हरलो आणि मला तसूभर वाईट वाटलं नाही. परतीच्या गाडीत खिडकीजवळ बसून सगळे आकडे पुन्हा नीट लिहिले. ठाणं कधी आलं कळलं नाही.

दोन आठवड्यांनी सात नंबर पुन्हा पळणार होता. मला जाता आलं नाही; पण माझे पाचशे रुपये मामाला लावायला सांगितले. संध्याकाळी फोन आला. "पाचवा."

"सुरुवात संथ होती का?"

"नाही रे, सुरुवात बरोबर होती. आठवडाभर ऊन होतं, जमीन टणक झाली. त्या दिवशीचा आकडा किती होता, बघ जरा वहीत."

वही उघडली. ५१.२, ३७.४, ३६.६५, सव्वानऊ मीटर, सगळं होतं. वरच्या कोपऱ्यात 'पेनेट्रोमीटर' असं लिहून पुढे दोन बोटं जागा सोडली होती. ती कोरी होती.