रविवारची मिस्सा आणि रविवारचा सराव

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या कॅथलिक समाजात, कुटुंबे मोजकी आहेत, फादर एकटेच आहेत, आणि आसपासच्या केंद्रांनाही त्यांनाच जावे लागत असल्याने सांगलीच्या चर्चमध्ये रविवारी सकाळी एकच मिस्सा (सामुदायिक उपासना) होते. मुलांच्या क्रिकेटचा सरावही नेमका त्याच वेळी असतो, त्यामुळे काही कुटुंबे मिस्साला येत नाहीत. यात प्रशिक्षकांचे काही चुकते असे नाही. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढल्यावर मुलांना मैदानावर उभे करणे शहाणपणाचे नाही.

खेळाच्या नावाने आपल्या लोकांनी नाक मुरडावे, हे मला मुळीच पटत नाही. विजय हजारे १९१५ साली याच सांगलीत एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मले. धर्मवार संघ पाडून खेळल्या जाणाऱ्या पेंटॅंग्युलर स्पर्धेत, १९४३-४४ च्या हंगामात, ख्रिस्ती व इतर लहान समाजांच्या ‘रेस्ट’ संघाच्या एका डावातील ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या हजाऱ्यांच्या होत्या, आणि १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधारही तेच होते. एवढा वारसा असलेल्या गावात मुलांच्या हातची बॅट काढून घ्या, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

मला खटकते ते दानाविषयीचे बोलणे. ‘आम्ही आलो नाही तरी अर्पणाचे पैसे मोबाइलवरून पाठवतो,’ असे काही पालक सांगतात, आणि पैसे खरोखरच पोचतात. परंतु संत पौलाने करिंथ शहरातील ख्रिस्ती लोकांना यरुशलेममधील गरजूंसाठी वर्गणी बाजूला ठेवण्यास सांगितले, तेव्हा दिवसही नेमून दिला होता: आठवड्याचा पहिला, म्हणजे रविवार. आमच्याकडे गरजूंना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची बैठक मिस्सानंतर होते. १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या रिवाजाप्रमाणे बैठकीत एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येकजण मिटलेली मूठ आत घालतो, त्यामुळे कोणी शंभर टाकले आणि कोणी काहीच टाकले नाही, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. कोणाचे भाडे थकले आहे, मिरजेच्या दवाखान्यातून कोणाला घरी सोडले पण औषधाला पैसे नाहीत, हे सारे तिथेच कानावर येते आणि घरभेटीला कोणी जायचे ते ठरते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर कोणाच्या घरात नेमके काय उरले आहे, हे आम्हाला आधी बाकावर शेजारी बसणाऱ्यांकडूनच समजले होते. मोबाइलवरून आलेल्या रकमेला असे काही ऐकू येत नाही.

यावर तोडगा चर्चच्याच कायद्यात आहे. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला हजर राहिल्यानेही रविवारी मिस्साला जाण्याचे कर्तव्य पूर्ण होते. काही ज्येष्ठांना ही पळवाट वाटते; मला ती तशी वाटत नाही, कारण सणाचा आरंभ आदल्या संध्याकाळी मानण्याची चर्चची रीत फार जुनी आहे. मात्र नुसती मिस्सा शनिवारी नेऊन भागणार नाही, सोसायटीची बैठकही महिन्यातून निदान एकदा शनिवारी घ्यावी आणि कॉलेजात जाणाऱ्या खेळाडूंना घरभेटीला सोबत न्यावे, असे मी धर्मग्राम मंडळात सुचवले आहे. जिने चढून तांदळाचे पोते पोचवायला आम्हा साठीच्या सभासदांपेक्षा तेच बरे. केंद्रांच्या दौऱ्याचे वेळापत्रक पाहून फादर शनिवार ठरवणार आहेत.