माझा अनुभव: डेटा सेंटरमधला 'बी' फीड

आमचा कारखाना रबाळ्याला. सर्व्हर बंद तर बिल बंद, बिल बंद तर गाडी गेटवर उभी. म्हणून दोन सर्व्हरचा क्लस्टर (एक पडला तर दुसरा काम उचलतो अशी जोडी) करून नवी मुंबईतल्याच एका डेटा सेंटरमध्ये ठेवायचं ठरलं. खरेदी, इन्स्टॉलेशन सगळं सुरळीत झालं.

घोडं अडलं विजेपाशी. करारात 'ए' आणि 'बी' असे दोन स्वतंत्र फीड, म्हणजे वीज येण्याच्या दोन वेगळ्या वाटा होत्या, ९९.९९ टक्के अपटाइमची हमी होती. म्हणजे वर्षाला जेमतेम ५२ मिनिटं बंद. रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या कपाटात, लाल आणि निळी अशा दोन पॉवर स्ट्रिपही होत्या. मी विचारलं, या कुठल्या यूपीएसवरून येतात? "सर, रिडंडंट आहे," म्हणजे एक गेलं तरी दुसरं आहे. लेखी द्या म्हटलं, तर म्हणे तिकीट टाका, म्हणजे तक्रार नोंदवा. तिकिटावर उत्तर, हा विषय फॅसिलिटीचा, म्हणजे इमारत आणि वीज सांभाळणाऱ्यांचा. फॅसिलिटीवाले म्हणे अकाउंट मॅनेजरशी बोला, आणि त्यांचं रोजचं "उद्या नक्की." इकडे साहेबांचे फोन, "दिवे लागलेत ना? मग चालू कर!" मी हटलो नाही. एकाच यूपीएसवर दोन सर्व्हर ठेवायचे, तर दुसऱ्याचे पैसे घालायचेच कशाला?

शेवटी रात्रपाळीचा इंजिनिअर म्हणाला, "चला, बघूनच टाकू." केबलवरचे टॅग वाचत पॅनेलपर्यंत गेलो. लाल आणि निळी, दोन्ही एकाच पॅनेलच्या शेजारशेजारच्या ब्रेकरवर! आत फोटोला बंदी, म्हणून टॅग आणि ब्रेकरचे नंबर वहीत उतरवून खाली त्याची सही घेतली. इतके दिवस तिकिटांनी जे झालं नाही, ते त्या पानाने झालं. निळी केबल दुसऱ्या यूपीएसवर गेली.

तुम्हीही करार वाचून थांबू नका, केबलच्या मागे चालत जा.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, तेव्हा चाचणी घेतली. 'ए'चा ब्रेकर पाडला, दोन्ही सर्व्हर चालूच. मग पहिला सर्व्हर बंद केला, डेटाबेस दुसऱ्यावर उठला. अर्धवट राहिलेलं बिल तेवढं रद्द होतं, ते पुन्हा करावं लागतं. हे बिलिंगच्या माणसांना आधीच सांगून ठेवा. मला फार बरं वाटलं.

डिस्कचं राहिलंच. बिलिंगमध्ये सतत बारीक नोंदी होतात. अनेक डिस्क एकत्र जोडायच्या पद्धतीला रेड म्हणतात. त्यातल्या रेड ५ मध्ये अशा एका नोंदीसाठी डिस्कला साधारण चार कामं पडतात, रेड १० मध्ये दोन. जागा जास्त जाते, तरी रेड १० घ्या. आणि दोनच सर्व्हर असतील तर कोरमसाठी, म्हणजे कोणता सर्व्हर चालू राहणार हे बहुमताने ठरायला, तिसरं मत लागतं. ते मत देणारं विटनेस त्याच रॅकमध्ये ठेवू नका; आमचं रबाळ्याला आहे.