चौथीचा चरित्र-निबंध: घरून किती मागावं?

२० डिसेंबर, म्हणजे गाडगेबाबांची पुण्यतिथी जवळ आली की चौथी-पाचवीला त्यांच्यावर निबंध घरून लिहून आणायला सांगतात. नेमके तेच कापूस वेचणीचे दिवस. आईबाप वावरातून येईस्तोवर अंधार पडलेला असतो. म्हणून गृहपाठ पोराला एकट्यानं जमेल असाच द्यावा. मोठ्या बहिणीनं मोबाईलवरून उतरवून दिलेला निबंध तपासायचा तरी कशाला?

माप आधीच सांगावं. तिसरीला पाच-सहा वाक्यं, चौथीला बारा, पाचवीला वहीचं एक पान. नुसतं ‘निबंध लिहा’ म्हटलं की पोरं गाईड उघडतात आणि वरून खाली उतरवत जातात. त्यात जन्म, गाव, आई, वडील, मामा यांतच पान भरतं आणि खराटा येतो शेवटच्या ओळीत. यापेक्षा वाटणी फळ्यावर लिहून द्या: जन्म आणि घर दोन वाक्यं, लहानपण दोन, काम सहा, मला काय आवडलं ते दोन.

खरी मेहनत त्या सहा वाक्यांची. ‘धर्मशाळा बांधल्या, कीर्तनं केली, शिक्षणाचा प्रसार केला’ ही झाली यादी. एकच प्रसंग घ्यायला सांगा: बाबा गावात आले. हातात काय होतं? आल्याबरोबर काय केलं? रात्री कीर्तनात लोकांना काय सांगितलं? कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवापुढं बकरं कापू नका, पोरांना शिकवा. यातलं एक उचललं तरी सहा वाक्यं होतात. आजोबांकडून ऐकलेलं असेल तर ‘आजोबा सांगतात’ असं स्पष्ट लिहावं.

नावाची चूक हमखास होते. ‘गाडगे’ हे आडनाव नव्हे. ते डेबूजी झिंगराजी जाणोरकर. सोबतच्या मातीच्या गाडग्यावरून ते नाव पडलं.

तारखा समासात वजाबाकी करून तपासायला लावा. बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६, निधन २० डिसेंबर १९५६. वजा केले की ८०, आणि तेच बरोबर. पण पंजाबराव देशमुखांवर लिहिताना पोरं फसतात. जन्म २७ डिसेंबर १८९८, निधन १० एप्रिल १९६५. वजाबाकी ६७ येते, पण त्या वर्षीचा वाढदिवस यायचाच होता, म्हणून पूर्ण झाली ६६ वर्षं.

काम तीन संध्याकाळी, रोज अर्धा तास. पहिल्या दिवशी मागच्या पानावर नुसते मुद्दे, दुसऱ्या दिवशी कच्चं, तिसऱ्या दिवशी पक्कं. कच्च्यात ‘मले’, ‘तुले’ आलं तर येऊ द्या. बाबा स्वतः वऱ्हाडीतच बोलत. तिथंच लाल पेन फिरला की पोरगं पुन्हा गाईडाकडं वळतं. पक्कं लिहून झालं की वही मिटून विचारा, ‘कर्मयोगी म्हणजे काय?’ सांगता आलं नाही तर तो शब्द खोडायचा.

चित्राला गुण ठेवू नका. तक्ता विकत घेणाऱ्याला ते फुकटात मिळतात. चिकटवायचंच असेल तर शेवटी, आणि कोऱ्या पानावर. ओल्या डिंकानं मागच्या पानावरची शाई फुटते आणि पक्कं लिहिलेलं पुन्हा लिहावं लागतं.