व्हर्ननची शिवारफेरी: टेक्सासच्या कुरणात मेस्किटवर तणनाशक मारताना पाहिलं ते

फोर्ट वर्थ मागे पडलं की वायव्येला हायवे २८७ धरायचा. विचिटा फॉल्सपर्यंतचा रस्ता कंटाळवाणा आहे, गाडीत गप्पा मारायला कोणी असलं तर बरं. तिथून व्हर्ननपर्यंतचे पन्नासेक मैल मात्र डोळे उघडे ठेवून बघा. लाल माती, नुकती उगवलेली कपाशी, गव्हाचं कापणी झालेलं रान, आणि मग दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत आपली वेडी बाभूळ! म्हणजे तिची चुलत बहीण, मेस्किट. तीच बारीक पानं, तेच काटे, त्याच गोडसर शेंगा. आपल्याकडे आलेली जात मूळची अमेरिका खंडातलीच, त्यामुळे साम्याचं नवल नाही. पण सांगोल्याच्या माणसाला परक्या मुलखात येऊन माळ ओळखीचा वाटावा, याची गंमत वाटतेच.

गावाकडे आमचा चुलतभाऊ दर दोन-तीन वर्षांनी जेसीबी लावून माळ साफ करतो आणि दोन पावसाळ्यांत माळ पुन्हा भरतो. इथले लोक या झाडाशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजतायत, तर काय करतात ते पाहावं म्हणून गेलो. इथे जवळजवळ दर काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचं कृषी विस्तार कार्यालय असतं आणि ते शेतकऱ्यांसाठी शिवारफेऱ्या ठेवतात. तुम्हाला जायचं असेल तर थेट काउंटी कार्यालयाला फोन करा. ‘माझी शेती नाही, शिकायला येतोय’ एवढं सांगितलं तरी पुरतं. बरेच रँचवाले, म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरं पाळणारे, फवारणीच्या परवान्यासाठी लागणारे प्रशिक्षणाचे तास भरायला आलेले असतात, त्यामुळे प्रश्न नेमके विचारतात. आपण कान देऊन ऐकावं.

सगळ्यात कामाची गोष्ट पंपाला हात लावायच्या आधीच दाखवली. विस्तार अधिकाऱ्यांनी एका झाडाच्या बुंध्याशी कुदळीने खणलं आणि जमिनीखालच्या खोडाची साल चाकूने खरवडली. जमिनीच्या पातळीपासून खाली साधारण फूटभर त्या खोडावर झोपलेले डोळे, म्हणजे नवे कोंब फुटायच्या जागा, असतात. वरचं झाड तोडा, जाळा, नाहीतर यंत्राने जमिनीलगत कापा, हे डोळे जागे होतात आणि एका खोडाची दहा खोडं होतात. चुलतभावाचा जेसीबी नेमकं हेच करत आला आहे. मुळासकट उपटायचं तर हा फूटभराचा तुकडा बाहेर आलाच पाहिजे, आणि औषध मारायचं तर ते तिथवर पोचलं पाहिजे. बाकी सगळं या एका गोष्टीवर बेतलेलं आहे.

म्हणून तर इथे औषधाच्या नावापेक्षा वेळेची चर्चा जास्त. वसंतात पालवी कोवळी असते तेव्हा झाडाचा रस मुळांतून वर चढत असतो, तेव्हा पानावर मारलेलं औषध खाली उतरत नाही. पानं पोपटी सोडून एकसारखी गडद हिरवी झाली की झाड साखर मुळांकडे धाडायला लागतं आणि औषध तिच्याबरोबर खाली जातं. दुसरी अट मातीची: फूटभर खोलीवर तापमान ७५ फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २४ सेल्सिअस, किंवा त्याहून जास्त हवं. लांब दांड्याचा थर्मामीटर मातीत खुपसून सगळ्यांना काटा दाखवला. शेंगा लांब होत असताना मारू नका. पावसानंतर शेंड्याला पुन्हा पोपटी पालवी फुटली असेल तर ती निबर होईपर्यंत थांबा. गारपिटीने किंवा किडीने पानं झडली असतील तर त्या वर्षी हात आवरा. आपल्याकडे दुकानदार बाटली देतो, वेळ सांगत नाही, असं माझं मत आहे. असो.

छोट्या झाडांना, साधारण डोक्याच्या वर फार न गेलेल्यांना, पाठीवरच्या पंपाने एकेक झाड धरून फवारतात. औषध क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड यांचं. हे दोन्ही गवताला सहसा धक्का लावत नाहीत आणि शेंगवर्गीय झाडांवर जबर चालतात. पाण्यात चिकटद्रव्य आणि निळा रंग घालतात. रंगामुळे कुठलं झाड झालं आणि कुठलं राहिलं ते लांबूनही कळतं, नाहीतर चार एकरांत माणूस गोल गोल फिरत राहील. पानं ओलसर चमकली की पुरे, थेंब गळेपर्यंत मारणं म्हणजे पैसे मातीत घालणं. हातमोजे घाला, नाहीतर तो निळा रंग नखांत काही दिवस मुक्काम करतो.

गुळगुळीत सालीच्या एक-दोन खोडांच्या झाडाला दुसरी रीत. ट्रायक्लोपायर एस्टर १५ टक्के, बाकी डिझेल. जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत खोडाला चहूबाजूंनी बारीक फवारा. पानांना हात लावायचा नाही. साल जाड, खडबडीत असेल तर प्रमाण २५ टक्क्यांवर नेतात. ही रीत वर्षभर चालते, फक्त बुंधा ओला नको. त्यानंतर मात्र धीर धरायचा. झाड वाळलं म्हणून लगेच तोडायला जाऊ नका, दोन हंगाम तसंच उभं ठेवा, म्हणजे खालचे डोळेही मेले की नाही ते कळेल.

जेवणाच्या वेळी सत्तरीतल्या एका रँचवाल्या आजोबांनी विमानाच्या फवारणीच्या आठवणी काढल्या. तेव्हा औषध होतं २,४,५-टी. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने जंगलं झडवायला फवारलेल्या एजंट ऑरेंजमधला हा अर्धा भाग, आणि त्यात डायॉक्सिन या विषाची भेसळ असायची. अमेरिकेत १९८५ साली त्याचा वापर पुरता बंद झाला. त्या काळच्या फवारण्यांत बऱ्याचदा शेंडा जळायचा आणि मूळ जगायचं, म्हणून आज जिकडेतिकडे बहुखोडी गचपण दिसतं. ‘आम्ही पैसे देऊन झाडं वाढवली,’ आजोबा म्हणाले आणि चहाचा बर्फ खळखळवत हसले.

आता दोन धोके, आणि ते आपल्याकडच्यांनी नीट ऐकावेत. पहिला कपाशीचा. २,४-डी या तणनाशकाची वाफ किंवा वाऱ्यावरचा तुषार शेजारच्या कपाशीवर गेला की पानं भेंडीच्या पानासारखी होतात, हे विदर्भ-मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. टेक्सासात काही काउंट्यांमध्ये अशा औषधांवर खास निर्बंध आहेत.

दुसरा धोका शेणाचा. अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड, पिक्लोरॅम ही औषधं जनावराच्या पोटातून तशीच बाहेर पडतात. फवारलेल्या कुरणातलं गवत खाल्लेल्या गुरांचं शेणखत टोमॅटो, शेंगभाज्या, कापूस यांच्या शेतात गेलं तर पीक वाकडंतिकडं होतं. अमिनोपायरॅलिडच्या लेबलवर लिहिलेलं असतं की अशा पिकांच्या रानात गुरं न्यायच्या आधी त्यांना तीन दिवस न फवारलेल्या कुरणात चारा. इथल्या रँचवाल्याला शेणाचं फारसं पडलेलं नसतं. आपलं सगळं शेत त्यावर चालतं. म्हणून इथलं मिश्रण गावाकडे उतरवू नका. तिथे कुठलं औषध, कुठल्या वापरासाठी नोंदलेलं आहे ते लेबलवर वाचा, कृषी विज्ञान केंद्रात विचारा. नेण्यासारखी गोष्ट आहे ती त्या फूटभर खोडाची समज. आणि एक साधी सवय: झाड तोडलंच तर त्याच मिनिटाला ताज्या कापावर औषध लावा, संध्याकाळी नाही.

झाड मेलं म्हणजे गवत आलं असंही नाही. एका तुकड्यात मेस्किट वाळलेलं, पण खाली नुसती लाल माती होती, कारण गुरं लगेच सोडली होती. कुंपणापलीकडे एक हंगाम विश्रांती दिलेली, तिथे साइडओट्स ग्रामा गुडघ्याला लागत होतं. हे टेक्सासचं राज्यगवत, एका बाजूला लटकलेल्या लोंब्यांवरून ओळखू येतं. शहाणे रँचवाले सगळं मेस्किट मारतही नाहीत. ओढ्याकाठी सावलीला आणि बॉबव्हाइट लाव्यांना आडोसा म्हणून पट्टे राखतात.

जाणाऱ्यांसाठी: मे अखेर ते जुलै हा पानावरच्या फवारणीचा काळ, पण उन्हाचा तडाखा असतो, पाणी घरून न्या. जाड तळाचे, घोट्यावर येणारे बूट घाला. मेस्किटचा काटा चपलेतूनच काय, टायरमधूनही जातो. गवतात रॅटलस्नेक असतात, हात घालण्याआधी बघा. फाटक जसं दिसलं तसंच ठेवा: उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. ‘तुमची जमीन किती, गुरं किती’ हे विचारू नका, ते पहिल्याच भेटीत बँकेतली शिल्लक विचारल्यासारखं होतं. कुंपणाच्या खांबावर जांभळा रंग दिसला तर आत पाऊल टाकायचं नाही, कायद्याने तो ‘प्रवेश बंद’चा फलक आहे. शाकाहारी असाल तर टेक्स-मेक्स (टेक्सास-मेक्सिको धर्तीच्या) हॉटेलात राजम्यात चरबी आहे का ते आधी विचारा, किंवा सरळ धपाटे आणि शेंगादाण्याची चटणी बांधून घ्या. पेट्रोल विचिटा फॉल्सलाच भरा, आणि नकाशा फोनवर आधीच उतरवून ठेवा, रँचच्या आत रेंज मिळेलच असं नाही.