लाल बँड, ९ वेळा

आज व्यायामाचा नवा रबरी बँड दाराच्या अँकरला, म्हणजे बँड अडकवायच्या पट्ट्याला, लावला आणि नवव्या ओढीनंतर हात मागे येईनात. जुन्यावर परवापर्यंत १५ होत होत्या. रंग तोच लाल (बँड किती कडक ते रंगावरून कळतं, पिवळा लालपेक्षा हलका), कंपनी तीच, जाडी तीच. जमिनीवरची खडूची खूण तीच, जिथे मी टाचा टेकवते. बदललं ते फक्त रबर.

आधी वाटलं, झोप झाली नसेल नीट. पाच मिनिटं टेकले, पुन्हा उभी राहिले. ८. मग दमलेल्या हातांनीच जुना बँड लावून बघितला. १३ झाल्या. पोटात गोळाच आला.

म्हणजे एवढे महिने मी मजबूत होत होते, की रबर म्हातारं होत होतं?

सकाळपासून हा एकच प्रश्न. कामात लक्ष नव्हतं, दादाचा फोन आला तेव्हाही धड बोलले नाही. तो नेहमीसारखा म्हणाला, "अगं, बाबांसाठी माणूस ठेवू या ना." त्यावर आज नाही लिहीत.

दुपारी राहवलं नाही. दोन्ही बँडवर पेनाने ५० सेंटिमीटर मोजून खुणा केल्या. एकेक बँड दाराच्या वरच्या अँकरला एकपदरी बांधला, खाली पाच लिटरचा पाण्याने भरलेला कॅन लटकवला आणि टेपने मोजलं. नव्याचे ५० चे १०३ झाले. जुन्याचे ११८. कॅन तोच, पाणी तेच. म्हणजे तेवढ्याच वजनाला जुना १५ सेंटिमीटर जास्त ताणला जातो. नवा ५३ ने वाढला, जुना ६८ ने; हिशोब केला तर पाचव्या हिश्श्याहूनही जास्त ढिला. टेप हातात धरून मी किती वेळ जमिनीवर बसून होते कोण जाणे.

बँडचं गणित मला ठाऊक नव्हतं असं नाही. वजन हातात घेतलं की ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढंच असतं. बँड जितका ताणावा तितका जड होतो, म्हणून तर टाचांची खूण केली होती. अर्धं पाऊल पुढे सरकलं तरी व्यायाम हलका होतो. एका कंपनीचा लाल दुसऱ्या कंपनीच्या लालसारखा नसतो, हेही माहीत होतं, म्हणून कंपनी बदलली नाही. सगळी काळजी घेतली आणि जे रोज हातात होतं त्याचंच वय मोजायचं राहिलं. घाम, ऊन, तेलकट क्रीम, सगळ्याने लेटेक्स, म्हणजे बँडचं रबर, खराब होतं. शिवाय आठवड्यातून ३ दिवस, ३ सेट, गेले सहा महिने. नुसत्या रोइंगच्याच, म्हणजे वल्हं मारल्यासारखं बँड स्वतःकडे ओढण्याच्या, अडीच हजारांवर ओढी झाल्या असतील त्याच्यावर.

थॉमस डीलॉर्म नावाचे अमेरिकन लष्करी डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन आलेल्या सैनिकांच्या पायांत ताकद यावी म्हणून ते त्यांना वजनं उचलायला लावायचे आणि वजन हळूहळू वाढवत न्यायचे. त्यावरचा त्यांचा लेख १९४५ सालचा. आज आपण जे 'थोडं थोडं वाढवत जा' म्हणतो त्यामागे त्यांचं मोठं काम आहे. पण त्या सगळ्याला एक आधार होता: आजचे दहा किलो उद्याही दहाच किलो असणार. लोखंड थकत नाही. माझं माप मात्र माझ्याबरोबर दमत गेलं आणि त्यातला फरक मी माझ्या नावावर लिहीत राहिले.

१५ हा आकडा एवढा का लागला, ते मला माहीत आहे. बाबा पडले त्या रात्री बाथरूमच्या दारात मी त्यांच्या काखेत हात घातले आणि ते हलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत होते. शेजारी येईपर्यंतची वीस मिनिटं. त्यानंतर मी बँड आणले. वहीत आकडे चढले की त्या वीस मिनिटांमधलं एखादं मिनिट कमी झाल्यासारखं वाटायचं. १५ लिहिलं त्या दिवशी मी शांत झोपले होते. तो १५ खोटा असेल तर ती झोपही खोटीच की.

संध्याकाळी रबराबद्दल वाचत बसले. त्यात मलिन्स परिणाम सापडला. रबर पहिल्यांदा ताणलं जातं तेव्हा सगळ्यात कडक असतं, पहिल्या काही ताणांतच ते थोडं मऊ पडतं आणि मग बऱ्यापैकी स्थिर होतं. लेनर्ड मलिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने याचा अभ्यास केला म्हणून त्याचं नाव. लगेच उठले, नवा बँड वीसेक वेळा पूर्ण ताणला, पुन्हा कॅन लटकवला. १०३ चे १०९ झाले! दोन बँडमधला फरक आता पाचव्या नाही, आठव्या हिश्श्याइतका. जीव थोडा भांड्यात पडला. पण फरक आहेच, तो कुठे जात नाही.

आणि मग सुचलं ते खरं तर सकाळीच सुचायला हवं होतं. वही मागे उलटली. जानेवारीत पिवळा. मार्चच्या १४ तारखेला लाल पहिल्यांदा अडकवला. त्या दिवशी तोही पाकिटातून नुकताच काढलेला, तेवढाच कडक. त्यासमोर माझ्याच अक्षरात: ५. खाली 'तिसऱ्या सेटला खांदे कानाशी' असं लिहिलंय.

तेव्हा नवा लाल, ५. आज नवा लाल, ९.

म्हणजे वाढ १० ची नाही, ४ ची. मी त्या पानाकडे बराच वेळ बघत होते. आधी ओरबाडल्यासारखं झालं, सहा ओढी कुणी उचलून नेल्या जणू. मग हळूहळू ते ४ बरे वाटायला लागले. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती बरीचशी मज्जातंतू शिकल्यामुळे, स्नायू भरायला त्याहून वेळ लागतो, असं वाचलंय. शिकलेलं असो की भरलेलं, यातलं रबराचं काही नाही. हे ४ माझे आहेत. हवं तर पुन्हा मोजून बघा.

बाबांना उचलायला ४ पुरतात का? नाही पुरत. १५ ही पुरले नसते. फिजिओथेरपिस्टनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की पडलेल्या माणसाला काखेत धरून ओढायचंच नसतं. आधी कुठे लागलंय का ते बघायचं, घाई करायची नाही. उठण्यासारखं असेल तर कुशीवर वळवायचं, मग हात-गुडघ्यांवर आणायचं, समोर एक खुर्ची ठेवायची त्यांना धरायला आणि मागे दुसरी बसायला. जोर त्यांचा, आधार आपला. मी मान डोलावली होती. ऐकलं नव्हतं. मला ओढूनच काढायचं होतं त्यांना.

तसं बघितलं तर ६५ च्या पुढच्या लोकांनी तोल आणि ताकद यांचा व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आहे. घरात त्या वयाची मी नाही. आठ महिने व्यायाम मात्र एकटी मी करतेय.

जुना लाल उजेडापुढे धरला. मुठीशी घडी पडते तिथे बारीक पांढऱ्या भेगा होत्या. हे दर महिन्याला बघायचं असतं. ताणलेला तुटला असता तर थेट तोंडावर आला असता. कुणी चुकून वापरू नये म्हणून कात्रीने दोन तुकडे केले. कापताना वाईट वाटलं, खोटं का लिहू. नव्याच्या टोकावर आजची तारीख घातली. यापुढे दर महिन्याला कॅन लटकवून मोजणार आणि ते सेंटिमीटर ओढींच्या शेजारीच लिहिणार.

बाबा खुर्चीतून सगळं बघत होते. "किती झाले आज?"

"नऊ."

"परवा पंधरा होते ना?"

"बँड नवा आहे, बाबा."

"मग पंधरा जुन्याचे होते." एवढंच म्हणाले. मी दिवसभर टेप घेऊन जे शोधत होते ते.

पिवळा बँड कपाटात पडून होता. तोही उजेडापुढे ताणून बघितला, भेगा नाहीत. दाराला कमी ताणून अडकवला आणि त्यांची खुर्ची पुढ्यात सरकवली. त्यांनी ४ ओढी केल्या, पाचवी अर्धी सोडली. वहीत त्यांच्या नावाचं पान काढू का, विचारलं. नको म्हणाले. बँड मात्र काढू दिला नाही, असू दे म्हणाले तिथेच.